कोविडनंतर रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस आडवा. नेमकं कुणाकडे जायचं?

शुभदा_सांगली:
मी हायस्कूलला गणित शिकवते. कोविडमध्ये ॲडमिट व्हावं लागलं नाही, घरीच बरी झाले. खरा त्रास नंतर सुरू झाला. फळ्यासमोर थोडा वेळ उभी राहिले की छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी. खुर्चीत बसलं की ओसरतं. परवा नववीच्या वर्गात वर्गसमीकरणाची मधली पायरीच सुचेना. पोरं गप्प, मीही गप्प.
आणखी एक विचित्र प्रकार. रविवारी माळा आवरला तर सोमवार बरा जातो आणि मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. ईसीजी, टूडी इको, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, रोज पाऊण तास चाला. चालले की अजूनच गळाठते. सासूबाईंच्या मते ही सगळी नाटकं. फिजिशियन, हार्टवाले की मेंदूवाले, कुणाला दाखवू?

रानवाट:
ताई, गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्याकडे सगळे घेतात.

फिजिओ_कोल्हापूर:
काढा जरा थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवलेत.
शुभदाताई, मेहनतीनंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं ही लाँग कोविडची, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाची, ओळखीची खूण आहे. अशा पेशंटला 'हळूहळू व्यायाम वाढवा' हा सल्ला उलटतो. अशीच लक्षणं असणाऱ्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं २०२१ मध्ये तो सल्ला काढूनच टाकला. दमायच्या आधी थांबायचं, याला पेसिंग म्हणतात. पोळ्या बसून लाटा, फळ्याजवळ उंच स्टूल ठेवा.
उभं राहिल्यावरची धडधड वेगळी तपासायला हवी. पाच-दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि बीपी मोजा. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभ्या राहा आणि दर मिनिटाला मोजा. कुणीतरी शेजारी हवंच, चक्कर येऊ शकते. बीपी न पडता नाडी ३० किंवा जास्त वाढत असेल तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढते त्या आजाराचा, संशय घेतात. तो कागद घेऊन आधी फिजिशियनकडे जा. पाणी-मीठ वाढवणं, घट्ट स्टॉकिंग्ज, नाडी उतरवणाऱ्या गोळ्या असे उपाय असतात. पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ परस्पर वाढवू नका.

नाशिकचा_बापू:
माझं प्रकरण निराळं होतं. दुसऱ्या लाटेत भरपूर स्टेरॉईड दिलेली. नंतर जांघेत दुखायला लागलं, सगळे म्हणाले वय झालं. एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला निघाला. शुगरही तेव्हापासून मागे लागली. म्हणून एकाचं औषध दुसऱ्यानं उचलू नये. मॅडम, बी१२ आणि शुगर बघितलीत का?

शुभदा_सांगली:
बी१२ राहिलंय, उद्या देते. मिस्टरांना शेजारी बसवून भिंतीची टेस्ट केली. आडवी असताना ७६, आठव्या मिनिटाला ११४, बीपी जागच्या जागी. सासूबाई मशीनचा आकडा बघत होत्या. मुकाट्यानं लिंबू-सरबत करून आणलं त्यांनी. फिजिशियनची शनिवारची वेळ मिळालीये. हेडमास्तरांकडे स्टुलाची मागणी तोंडी करू, की डॉक्टरांची चिठ्ठी लागेल?

फिजिओ_कोल्हापूर:
चिठ्ठीच घ्या. आणि तिसऱ्या मजल्यावरचा तास खाली मिळतो का, तेही त्यातच लिहून घ्या.