सातवीचा प्रकल्प : चार्टपेपरच्या पुढे कसं जायचं?

माणदेशी_मॅडम
शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, सातवीचा पट ३८. पावसाळ्यात पाण्यावर प्रकल्प घ्यायचाय. विषय दिला की तिसऱ्या दिवशी दुकानातली चित्रं चिकटवलेला चार्ट येतो, अक्षर बहुतेकदा पालकांचं. गटात दोघं राबतात, बाकीचे नावाला. तास ३५ मिनिटांचा, खर्चाला ५०० रुपये. सहा आठवड्यांत कसं बसवू? आकारिक मूल्यमापनाच्या (शिकता-शिकता होणाऱ्या) नोंदी कशावरून करू?

गणित_कराड
मॅडम, 'पाण्याचे महत्त्व' म्हटलं की चार्टच येणार. ज्याचं उत्तर तुमच्या आवाराबाहेर कुठेच मिळणार नाही असा प्रश्न द्या: आपल्या छपरावरचं पाणी आपल्याला किती दिवस पुरेल?

आधी शेवटचं गणित स्वतः मांडा, मग मागे मागे या. समजा छप्पर १२ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे ७२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. १० मिमी झाला तर ७२० लिटर. गळती आणि पहिलं घाण पाणी सोडणं धरून ८० टक्के घ्या, ५७६ लिटर. माणशी रोज ५ लिटर धरले तर ३८ जणांना १९० लिटर, म्हणजे तीन दिवस. क्षेत्रफळ, शेकडेवारी, एकके सगळं यात आलं. छप्पर उतरतं असेल तर पत्र्याची तिरपी लांबी घेऊ नका. वळचणीपासून वळचणीपर्यंतचं अंतर जमिनीवर मोजा. मुलं हमखास इथेच चुकतात.

पहिल्या आठवड्यात मापं, दुसऱ्यात जोडतास घेऊन पर्जन्यमापक, पुढचे तीन आठवडे नोंदी, सहाव्यात मांडणी. रोजच्या नोंदीला पाच मिनिटं पुरतात, त्यात तास घालवू नका.

विज्ञान_मिरज
पर्जन्यमापकाला दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या. उतार संपतो तिथे कापा, टोपण काढून वरचा भाग उलटा बसवा. बाटलीचा तळ खड्ड्या-उंचवट्याचा असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून सरळ भागापर्यंत भरा आणि तिथे ० ची खूण करा. तळापासून मोजलं की सगळे आकडे फुगतात. कोरड्या दिवशी पाणी उडून पातळी उतरते; रोज वाचन झालं की पुन्हा ० पर्यंत आणा.

याहून सोपा मार्ग म्हणजे तोंडाचा आतला व्यास ११.३ सेमी असलेला डबा शोधा. तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेमी येतं, म्हणजे १० मिली पाणी = १ मिमी पाऊस. बिनसुईच्या १० मिलीच्या सिरिंजने पाणी उपसून मोजा, १ मिली म्हणजे ०.१ मिमी. सिरिंज हातात आली की दशांश चिन्ह मुलांना दिसायला लागतं.

भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट लांब ठेवा. वाऱ्याने कलंडतो, म्हणून भोवती विटा रचा. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही हीच वेळ. असे तीन मापक ठेवा. आकड्यांत फरक पडला की का पडला हे मुलांनाच शोधू द्या.

माणदेशी_मॅडम
आणि पाऊसच नाही झाला तर? आमच्याकडे जुलैतही आठ-आठ दिवस कोरडे जातात.

विज्ञान_मिरज
कोरडा दिवस हीसुद्धा नोंदच. फक्त ० आणि '—' यांत गल्लत नको: ० म्हणजे पाहिलं, पाऊस नव्हता; '—' म्हणजे पाहिलंच नाही. रविवारी कुणी आलं नसेल तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा, दोन्ही रकान्यांवर कंस करून लिहा. अगदीच कोरडं गेलं तर कृषी विभाग महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) पाऊस जाहीर करतो, ते आकडे आपल्याच छपराला लावा. शेजारी महाबळेश्वरचे ठेवा. तिकडे वर्षाला ५००० मिमीच्या वर, माणात ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यातला हा फरक लिटरमध्ये मांडला की मुलं गप्प होऊन बघतात.

मराठी_तासगाव
गटांचं सांगते. चौघांचे सात आणि पाच जणांचे दोन गट करा. मोजणारा, लिहिणारा, तपासणारा, साहित्य सांभाळणारा ही कामं दर आठवड्याला फिरवा. तपासणाऱ्याने पहिला आकडा न बघता स्वतः वाचायचं, नाहीतर तो नुसती मान डोलावतो. वही प्रत्येकाची वेगळी. आठवड्याला सात मुलांना दोन-दोन मिनिटं विचारा, "हा आकडा कुठून आला?" सहा आठवड्यांत सगळे होतात, आणि पालकांनी लिहिलेलं तिथल्या तिथे कळतं. वर्णनात्मक नोंदीत 'सहकार्याने काम करतो' नको. 'सोमवारचा पाऊस दोन दिवसांचा आहे हे स्वतः ओळखले' असं लिहा.