अनुभव धागा: तुमचा ग्रुप कुठला होता?

चौथी_सीट: काल माळा आवरताना 2009 चा लोकलचा पास सापडला. पाकिटात आपट्याचं वाळकं पान. डोंबिवली फास्ट, लेडीज डबा. पहिले तीन महिने मी दारातच लोंबकळत होते. मग एक दिवस आतून आवाज आला, "सरका गं, त्या नवीला चौथी द्या." चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी बाकावर, अर्धी अधांतरी. घाटकोपर येईतो पाय बधीर. पण दुसऱ्या दिवशी मांडीवर मटारची पिशवी आली, न विचारता. झाले ग्रुपची! दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं आम्हीच बांधायचो. 23 मार्च 2020 ला लोकल थांबल्या, नंतर कोणी रिटायर झालं, कोणी घरून काम. तुमचेही लिहा.

बोरिवलीकर: आमची वेस्टर्न! 1992 ला लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मी नोकरीत नवीन. अख्खी गाडीच ग्रुप 😀

टाळकरी: आमच्या डब्यात भजन. नवा होतो, चुकून बुवांच्या खिडकीत बसलो. कोणी काही बोललं नाही. नुसते टाळ थांबले. उठलो बाबा.

सातवा_महिना: हे सगळं गोड आहे, पण ग्रुपवाल्या रुमाल टाकून जागा अडवतात त्याचं काय? सातव्या महिन्यात ठाण्यापासून दादरपर्यंत उभी होते. समोर चौघी हळदीकुंकवाचं वाण ठरवत होत्या.

चौथी_सीट: खरंय गं. आम्हीही रुमाल टाकलेत. बाहेर होते तेव्हा राग यायचा, आत गेल्यावर दिसेनासं झालं.

टिपरू: पुणे, ढोलपथक. पहिले पंधरा दिवस नुसत्या दोऱ्या ओढून ढोलाची पानं (तोंडावरचं कातडं) ताणली, ढोल कमरेला नाहीच. बोटांना चिकटपट्ट्या. लक्ष्मी रोडवर पहिल्यांदा वाजवला तेव्हा कानात दडे बसले होते, काही ऐकू आलं नाही, पण ठेका चुकला नाही. पांढरा कुर्ता अजून आहे. आता ढोल बांधायचा तर पोट आधी येतं.

सातवा_महिना: 😂 आमच्या ह्यांचंही तेच.

लोणंद_मुक्काम: माझी आई माउलींच्या पालखीत बारा वर्षं एकाच दिंडीत. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एक वारी चुकली. घरी धुसफुस, जेवण नाही. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं त्या संध्याकाळी दिंडीतल्या मावशींचा फोन. "तुझ्या वळकटीची ट्रकातली जागा मोकळीच ठेवलीय. कुणी पिशवी ठेवली की ओरडतोय आम्ही." आईने फोन ठेवला आणि भाकरी मागितली.

बोरिवलीकर: अगं काय लिहिलंस. बसमध्ये रडतेय.

भिशीवाली: मी कुठल्याच ग्रुपात टिकले नाही. भिशी धरली, पहिल्याच महिन्यात नंबर लागला, तेव्हापासून बाकीच्या धड बोलत नाहीत. बाय द वे, मटार वर्षभर कसे टिकवता? माझे सुरकुततात.

चौथी_सीट: उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर, दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. कोरडे करून फ्रीजरला. मुलुंड गेलं की आमच्याकडे हाच तास असायचा.

टाळकरी: साखर कशाला?

चौथी_सीट: हिरवे राहतात म्हणायच्या. थांबा, कुकरची चौथी शिट्टी झाली, आले.