मदत हवी आहे : वासरे आईपासून तोडण्याची पद्धत

माझ्या सासरी, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सँडहिल्स भागात, मांसासाठी गुरे पाळण्याचे रँच असून, मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेली वासरे ऑक्टोबरमध्ये, म्हणजे साधारण 7 महिन्यांची झाल्यावर, आईपासून तोडली जातात. त्याच सुमारास गाभण तपासणी होऊन भाकड गायी विकायला काढतात. आजवर वासरे एकदम दूर नेली जात आणि पुढच्या तीन-चार रात्री दोन्हीकडचे हंबरणे मला ऐकवत नसे (वासरू पाजल्याशिवाय पान्हा न सोडणाऱ्या खिल्लार गायींच्या घरात मी वाढले आहे). यंदा मधे केवळ भक्कम कुंपण ठेवून दोघांना लगतच्या कुरणांत आठवडाभर ठेवावे, असा विचार आहे. वासरे कुंपणावर रेटा देतात का आणि लसीकरण त्याआधी किती आठवडे उरकावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.