वडोदऱ्याचा पगारही मोजतात

‘नवीन गेलेल्यांचं तिथलं उत्पन्न शून्य, म्हणून कॅनडात मुलांचा भत्ता पूर्णच मिळतो’ असं कुणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. तिथं पोचण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही, नवरा-बायको दोघांचं, कॅनेडियन डॉलरमध्ये लिहून द्यावं लागतं. माझी बहीण वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून ऑगस्ट २०२५ मध्ये पीआरवर (कायमची रहिवासी म्हणून) गेली. जुलै २०२५ ते जून २०२६ च्या भत्त्याच्या हप्त्यांना २०२४ चं उत्पन्न धरतात, म्हणजे सगळा वडोदऱ्याचाच पगार! जुने फॉर्म सोळा (पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले) शोधायला इथं बाबांनी अख्खं कपाट उपसलं.

पण म्हणून घाबरू नका, आकडा मांडून बघा. दोघांचे मिळून २४ लाख आणि कॅनेडियन डॉलर ६२ रुपये धरला तर साधारण ३८,७०० डॉलर होतात. पूर्ण भत्त्यासाठी त्या वर्षाची उत्पन्नाची मर्यादा ३७,४८७. वरच्या बाराशेवर कपात, एकच मूल असेल तर ७ टक्के (दोन असतील तर साडेतेरा). म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलाच्या वार्षिक ७,९९७ डॉलरमधून जेमतेम ८५ गेले. पुढे मात्र दरवर्षी दोघांनीही कॅनडात टॅक्स रिटर्न भरायचंच, एकाची कमाई शून्य असली तरी. नाहीतर हप्ते थांबतात.