हलके स्टूल: बांबूचे पाय तीन असावेत की चार?

प्रश्न: अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी मला ४५० मिलिमीटर उंचीचे, दोन किलोंपेक्षा हलके आणि शंभर किलोंचा माणूस निर्धास्त बसू शकेल असे स्टूल करायचे आहे. सागवान जड पडते, म्हणून कोकणातला माणगा बांबू घ्यावा असा विचार आहे. पाय किती ठेवावेत?

उत्तर १: माणगा बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे निवड योग्यच आहे. मात्र जोडाचे भोक गाठीला लागून पाडावे. दोन गाठींच्या मधोमध खुंटी ठोकली की बांबू उभा चिरत जातो. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून तो सावलीत वाळवा, नाहीतर कीड लागलीच म्हणून समजा.

उत्तर २: तीन पाय उंचसखल फरशीवरही डगमगत नाहीत, परंतु बसणारा कडेला झुकल्यास स्टूल कलंडू शकते. म्हणून पाय बाहेर फाकवा आणि भाराखाली ते आणखी फाकू नयेत यासाठी खाली आडव्या दांड्या द्या.

उत्तर ३: इटलीचे वास्तुविशारद जिओ पाँटी यांची १९५७ ची ‘सुपरलेजेरा’ खुर्ची अवघी १.७ किलोंची आहे. तिचे पाय त्रिकोणी छेदाचे (आडवे कापल्यास तोंड त्रिकोणी दिसेल असे) आणि आसन वेताने विणलेले. पायांवर डोकेफोड करण्याआधी आसनाच्या फळीचे वजन करून पाहा. माझ्या मते तिथे काथ्याची वीणच बरी.