साठीपुढच्या सगळ्यांची स्मरणचाचणी घ्यावी का?

माजघर: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बीपी-शुगर शिबिरात यंदा मिनी-कॉग ही स्मरणशक्तीची छोटी चाचणी घ्या, असं मी सुचवलंय. तीन शब्द सांगायचे, मग कागदावर घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायला सांगायचं आणि शेवटी ते तीन शब्द विचारायचे. शब्दाला एकेक गुण, घड्याळाला दोन. पाचात तीनपेक्षा कमी पडले तर डॉक्टरकडे. पाच मिनिटांत उरकतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण ७.४ टक्के निघालं. आपण मात्र ‘वय झालं, विसरायचंच’ म्हणत वर्षं काढतो.

तिरकस: साफ विरोध. मागे रांग, माईकवर सूचना, शेजारी भिशीची मंडळी, आणि म्हणे घड्याळ काढा! गुण कमी पडले की संध्याकाळपर्यंत कॉलनीभर. शिवाय हिशोब करा. १०० जणांत ७ जणांना खरंच आजार आहे असं धरा. चाचणीने त्यातले ६ पकडले आणि उरलेल्या ९३ पैकी १५ टक्क्यांना उगीच अडकवलं, तर ते झाले १४. म्हणजे वीस घरं घाबरणार, त्यातली चौदा फुकट. लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलानेही २०२० मध्ये म्हटलंय.

माजघर: ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘करू नका’ नव्हे. त्या वीसांत बी-१२ कमी असलेले, थायरॉइडवाले, नैराश्यातले, झोपेच्या गोळ्यांनी गुंगलेले निघतील. त्यांनाही विसरायला होतं, पण त्यावर इलाज आहे की! शुगरच्या शिबिरातही पहिल्या आकड्यावर कुणी मधुमेहाचा शिक्का मारत नाही.

सुलूताई: माझ्या सासूबाई दुसरी शिकलेल्या. दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी, पैशाची चूक नाही. पण हातात पेन दिलं की बावरतात. कानही कमी, शब्द ऐकूच आले नाहीत तर लक्षात काय ठेवणार? १९७५ पासून चालत आलेली तीस गुणांची मोठी स्मरणचाचणीही (एमएमएसई) शिकलेल्यांच्या सोयीची. म्हणून तर हरियाणात बल्लभगडला तिचं हिंदी रूप करताना ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून तसं करायला न लावता ‘मी करतो तसं करा’ असं केलं.

फिरता_दवाखाना: मी तिरकस यांच्या बाजूने. आधी घरच्यांना विचारा. तेच तेच सांगतात का, पैशाचे व्यवहार चुकतात का, नवा रिमोट जमेनासा झालाय का? आधीपेक्षा फरक पडलाय का, एवढंच बघायचं. पडला असेल तर चाचणी दवाखान्यात, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून. आणि अचानक, दोन-चार दिवसांत गोंधळ उडाला असेल तर चाचणी नकोच, आधी इन्फेक्शन आणि रक्तातलं सोडियम बघा.

माजघर: एकट्या राहणाऱ्यांच्या घरी कुणाला विचारायचं? आमच्या संघात निम्म्यांची मुलं परदेशात. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं सगळेच ठणठणीत दिसतात.

तिरकस: मग शिबिरात कमी गुण पडलेल्या त्या एकट्या माणसाला डॉक्टरकडे नेणार कोण? ते नाव आधी ठरवा, मग घड्याळं काढायला लावा.