सोसायटी ग्रुप, जळगाव: बुलेटचा सायलेन्सर

सी-१०४ काकू: काल रात्री साडेअकराला परत तोच आवाज. नातू दचकून उठला, मग एक वाजेपर्यंत झोपलाच नाही. गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे. आता तरी बोला कोणीतरी.

बी-३०२ नाना: काकू, आमच्याच पोराची आहे. मी सांगून थकलो. तो पण ग्रुपवर आहे, त्यानेच उत्तर द्यावं.

नानांचा मुलगा: सॉरी काकू. रात्री गेटपासून गाडी बंद करून ढकलत आणेन. पण बाहेरून बसवलेला हा मोकळा सायलेन्सर काढायला नका सांगू. क्लासिक ३५० घेतली ती आवाजासाठीच. आणि हा लावल्यापासून पिकअप पण वाढलाय.

ए-२०१ आप्पा: भो, आवाज मोठा व्हयना म्हणीसन गाडी पयत नही.

ए-१०३ अण्णा (गॅरेजवाले): आप्पा बरोबर बोलले. पिकअप वाढलेला नाही, वाढल्यासारखा वाटतोय. तुझ्या गाडीचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २७ न्यूटन-मीटर, तो ४००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळतो. गावात तू त्याच्या निम्म्यावर चालवतो आणि मोकळ्या पाइपचा तोटा तिथेच होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडला की दाबाची लाट पाइपातून जाते आणि टोकावरून ओढीची लाट होऊन परत फिरते. ती वेळेवर परत आली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते, नव्या हवेला जागा होते. ही वेळ पाइपाच्या लांबीवर ठरते, कंपनी ती त्या इंजिनाला जुळवून देते. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की धुराचा वेगही पडतो. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरला उचलताना गाडी जड लागते का, खरं सांग.

नानांचा मुलगा: लागते. आणि रेस सोडली की मागून फटफट फुटते. मित्र म्हणतात तेच भारी.

अण्णा: भारी कुठलं! रेस सोडल्यावर थोडं पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जातं. जॉइंटमधून बाहेरची हवा शिरली की ते तिथेच पेटतं. पार्किंगमध्ये तुझी गाडी पाहिली मी. क्लॅम्पच्या खाली काजळीचा काळा ओघळ आहे, बेंड पाइपही (इंजिनातून सायलेन्सरकडे येणारा) निळा पडलाय. गॅस्केट, म्हणजे जॉइंटमधली सील, नीट बसलेलं नाही.

डी-४०१ ताई: अण्णा, बीएस६ (धुराचे नवे नियम) गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो ना? तो जुळवून घेत नाही का?

अण्णा: घेतो ताई, पण निवांत एका वेगाने चालताना. पूर्ण रेस दिली की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) ठरलेल्या मॅपवरच, म्हणजे आत भरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल सोडतो. एक्झॉस्ट मोकळा आणि मॅप जुना, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापतं. आपल्याकडे मे महिन्यात तसंही ४५ अंश असतं. फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर हे थोडक्यात राहतं. बेंड पाइपसकट बदलला तर नुकसान जास्त, आणि त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला तर धुराची चाचणीही अवघड.

सेक्रेटरी: नियमही सांगून ठेवतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स ३ महिने जातं. आणि ती गाडीची मर्यादा झाली; रहिवासी भागातल्या एकूण आवाजाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

नानांचा मुलगा: कंपनीचा माळ्यावर पडलाय. पण त्याने आवाज अगदीच बारीक होईल हो.

अण्णा: बुलेटच्या आवाजाचं वेड मलाही आहे, म्हणूनच सांगतो. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे १००० आरपीएमला सेकंदाला आठ ठोके. ते सुटे सुटे ऐकू येतात म्हणून गोड लागतात. मोकळ्या सायलेन्सरने ठोका नुसता कर्कश होतो, आतली आवाज शोषणारी ग्लासवूल जळत गेली की आणखीच. कंपनीचा लाव आणि आठ दिवस चालवून बघ. रविवारी सकाळी आण, इंजिन थंड असताना. गॅस्केट नवीन आण, दाबलेलं जुनं परत बसवायचं नाही.

नानांचा मुलगा: आणतो अण्णा. काकू, तोपर्यंत गाडी रात्री गेटबाहेरच ठेवतो.

सी-१०४ काकू: बाहेर नको रे, चोरीला जाईल. ढकलत आण.

डी-४०१ ताई: अण्णा, आमच्या ह्यांच्या गाडीचा सायलेन्सर गंजून भोक पडलंय. रविवारी तोही बघाल का?

अण्णा: आणा ताई. पत्रा जाड उरला असेल तर वेल्डिंगने भागेल, चाळणी झाली असेल तर नवीनच घ्यावा लागेल.